इंग्रजी शब्दसंग्रह: वर्गाला नाव नोंदवण्याआधी वाचा

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, ‘रोज किती शब्द देता?’ आमच्याकडे असा रोजचा कोटा नाही. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकेक मराठी अर्थ, अशी यादी पाठ होते आणि परीक्षेपर्यंत टिकतेही. बोलायची वेळ आली की मात्र त्यातलं काही तोंडात येत नाही.

आपलाच ‘कडक’ घ्या. चहा कडक असेल तर इंग्रजीत ‘स्ट्राँग’, शिस्त कडक असेल तर ‘स्ट्रिक्ट’, ऊन कडक असेल तर ‘स्कॉर्चिंग’, आणि कडक इस्त्रीचा शर्ट ‘क्रिस्प’. ‘स्ट्राँग म्हणजे बळकट’ एवढंच पाठ केलेला माणूस चहापाशीच अडतो. ‘पॉवरफुल टी’ व्याकरणात बसतं, पण तसं कोणी म्हणत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं, पण त्यावर शब्द एकटा लिहायचा नाही. त्याच्या जोडीला येणारा शब्द आणि तुमच्या कामातलं एक वाक्य, दोन्ही हवंच.

मग शब्दांची घराणी. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. इंग्रजीतही लॅटिनमधून आलेल्या शब्दांचं असंच आहे. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं. त्यावरून आत आणणं ते इम्पोर्ट, बाहेर पाठवणं ते एक्स्पोर्ट, उचलून नेता येईल ते पोर्टेबल, आणि स्टेशनवरचा पोर्टरही त्यातलाच. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं. इन्स्पेक्टर आणि स्पेक्टेटर तिथले.

ही युक्ती आवडली की लोक ती सगळीकडे लावत सुटतात, तिथे जपा. ‘पोर्ट्रेट’ दिसायला ‘पोर्ट’च्या घरचा, पण त्याचं मूळ वेगळं. आणि टँकरवर लिहिलेलं ‘इन्फ्लेमेबल’? ‘इन’ म्हणजे नकार असं धरून ‘न पेटणारं’ असा अर्थ लावलात तर पंचाईत. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारं. अंदाज जरूर करा, पण शब्दकोश उघडून ताडून पाहा. कोश इंग्रजी-इंग्रजी, शिकणाऱ्यांसाठी केलेला असावा. त्यातली सोपी व्याख्या आणि उदाहरणं आमच्या कोणत्याही नोट्सपेक्षा सरस असतात.

सुरुवात कुठून? मायकल वेस्ट हे पूर्वी ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत. त्यांनी 1953 मध्ये रोजच्या वापरातल्या सुमारे 2000 इंग्रजी शब्दांची यादी छापली. आधी हे शब्द पक्के करा. कॉलेजची पुस्तकं वाचायची असतील त्यांच्यासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची यादी आहे, 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ). स्पर्धा परीक्षेतले अवघड शब्द त्यानंतर. हा क्रम उलटा करायचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो.

उजळणीला तीन कप्प्यांचा खोका. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, अडलेलं पुन्हा पहिल्यात. रोज दहा मिनिटं पुरतात, पण ती घरी काढावी लागतात. वर्गात फक्त तपासणी होते.

पहिल्या दिवशी येताना तुमच्या नेहमीच्या व्यवहारातला एक इंग्रजी कागद आणा: बँकेचं पत्र, औषधाच्या खोक्यातली माहिती, सोसायटीची नोटीस, काहीही. तुमची पहिली कार्डं त्यातूनच करू. कार्डं आणि खोका आमच्याकडून, त्याचे वेगळे पैसे नाहीत.