शंभर मीटरला खाली वाकून का बसतात?

परवा भाच्याच्या शाळेत क्रीडास्पर्धा होत्या. शंभर मीटरची मुलं रेषेवर बसली तसे माझ्या शेजारचे गृहस्थ आपल्या मुलाला ओरडून म्हणाले, "अजून वाक रे, वारा कमी लागेल!" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते चूक आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जागच्या जागी बसलेल्याचा वेग शून्य, मग विरोध कसला?

खरं कारण समजून घ्यायला अमेरिकेतल्या येल कॉलेजात जाऊ. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आपसातल्या मैदानी स्पर्धा १८७० च्या दशकात सुरू झाल्या होत्या. तेव्हा धावपटू उभ्यानेच, एक पाय पुढे टाकून सुटत. १८८८ मध्ये येलचा विद्यार्थी चार्ल्स शेरिल मात्र शर्यतीत हात जमिनीला टेकवून बसला. त्याला हे प्रशिक्षक माइक मर्फी यांनी शिकवलं होतं. पहिला मान कुणाचा यावर वाद आहे, पण युक्ती अचूक होती.

एसटीत उभं असताना ड्रायव्हरने गाडी झटक्यात काढली की आपण मागे कोलमडतो. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड मागे राहतं. शर्यतीतही जमीन पावलांनाच पुढे ढकलते. शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, बेंबीच्या आसपास असतो आणि हा धक्का त्याच्या बराच खालून बसतो, त्यामुळे शरीर मागे फिरू पाहतं. ते सावरायचं तर गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे हवा, म्हणजे वजन शरीराला उलट, पुढच्या बाजूला फिरवेल. किती पुढे? त्याचं पावलांपासूनचं आडवं अंतर भागिले त्याची उंची, हे गुणोत्तर त्वरण भागिले गुरुत्वत्वरण एवढं असावं लागतं. त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर ते जवळपास गुरुत्वत्वरणाएवढंच, म्हणून आडवं अंतर आणि उंचीही सारखी, म्हणजे कल ४५ अंशांचा! इतकं झुकून कुणी उभं राहू शकत नाही, तोंडावर आपटेल. म्हणून हात टेकायचे. शर्यत सोडणाऱ्याने 'सेट' म्हटल्यावर कंबर वर येते, भार हातांवर येतो. हात उचलले की शरीर पडू लागतं आणि त्याच क्षणी पाय रेटा देतात.

आता गुडघे. ६० किलोच्या मुलाने ६०० न्यूटनचा आडवा रेटा ०.३ सेकंद दिला, तर तो ३ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. तेवढ्या वेळात त्याचा गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर, म्हणजे चांगला हातभर पुढे सरकतो, आणि पाऊल तर मागेच रोवलेलं! ही लांबी येते दुमडलेला गुडघा आणि कंबर उलगडण्यातून. ताठ पायात उलगडायला काही उरतच नाही.

पण ६०० न्यूटन म्हणजे त्या मुलाच्या वजनाएवढा आडवा रेटा. त्या काळच्या कोळशाच्या राखेच्या भुसभुशीत ट्रॅकवर नुसत्या घर्षणाच्या भरवशावर तो कसा पेलणार? म्हणून धावपटू खुरपीसारखं हत्यार बरोबर आणत आणि रेषेमागे पावलांपुरते दोन खळगे खणत. खळग्याच्या मागच्या भिंतीला पाऊल टेकलं की पाय घसरायचा प्रश्नच मिटला.

एवढा डोळस विचार करणाऱ्या त्याच काळात खेळाडूंना सरावाच्या दिवसांत अर्धकच्चं गोमांस खायला घालत आणि पाणी मोजून देत. पाण्याने दम जातो म्हणे! "खेळताना पाणी पिऊ नको" हे आपल्या मैदानांवर आजही ऐकू येतं. कृपा करून मुलांना पाणी पिऊ द्या.

१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बोस्टनचा टॉमस बर्क १२ सेकंदांत शंभर मीटर जिंकला. तिथल्या शर्यतीच्या आरंभाचं एक छायाचित्र आहे. बाकीचे आपापल्या परीने उभे आहेत आणि बर्क एकटा दोन्ही हात जमिनीला टेकवून, कंबर उचलून तयार आहे.