टिनियन : सुबाभळीखालच्या चार धावपट्ट्या

पॅसिफिक महासागरातल्या मारियाना द्वीपसमूहात टिनियन बेट आहे. त्याच्या उत्तर टोकावर २०२४ पासून रान तोडायचे काम सुरू आहे. हे रान बहुतांशी सुबाभळीचे. आपल्याकडे बांधावर दिसते तीच. युद्धानंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर ती अशी माजली की पोवळ्याच्या खडीच्या चार धावपट्ट्या तिच्यात जवळपास गडप झाल्या. अमेरिकी हवाई दलाला त्या आता पुन्हा हव्या आहेत. या तळाची बातमी आली की हिरोशिमा-नागासाकीची दोन उड्डाणे सांगितली जातात. ती वाचकांना ठाऊक आहेत. हे टिपण मुख्यतः त्याआधीच्या महिन्यांबद्दल आहे, कारण तळ खरा चालला तो तेव्हा, आणि वादाचा मोठा निर्णयही, टोकियो जाळण्याचा, तेव्हाचाच.

बेट जेमतेम १०० चौरस किलोमीटरचे. स्पेनकडून १८९९ मध्ये ते जर्मनीकडे गेले, १९१४ मध्ये जपानने घेतले. पुढच्या काळात जपानी साखर कंपनीने जवळजवळ सगळे बेट उसाखाली आणले. ओकिनावा, जपान आणि कोरियातून आलेल्या माणसांची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. उत्तरेला जपान्यांनी बांधलेली धावपट्टी होती. २४ जुलै १९४४ रोजी अमेरिकी सैन्य उतरले आणि १ ऑगस्टला बेट ताब्यात आल्याचे जाहीर झाले. या लढाईत ऊस आणि झाडोरा जाळण्यासाठी नेपाम, म्हणजे घट्ट केलेले, चिकटून जळणारे पेट्रोल वापरले गेले. पॅसिफिक आघाडीवरच्या त्याच्या अगदी पहिल्या वापरांपैकी हा एक. ही नोंद पुढे लागणार आहे.

बी-२९ ही लांब पल्ल्याची अमेरिकी बॉम्बफेकी विमाने मात्र टिनियनच्या आधी भारतात आली होती. एप्रिल १९४४ पासून त्यांचे तळ बंगालमध्ये खरगपूरच्या परिसरात आणि आजच्या झारखंडमधल्या चाकुलियाला होते. मुख्यालय होते हिजलीच्या बंदिशाळेच्या इमारतीत. ब्रिटिशांनी जिथे राजबंदी डांबले तीच ही वास्तू, आणि १९५१ मध्ये पहिली आयआयटी सुरू झाली तीही तिथेच. खरगपूरहून हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला जायचे, तिथे इंधन भरायचे आणि मग जपानकडे निघायचे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. चेंगडूचे इंधनही हिमालयावरूनच न्यावे लागे. एका हल्ल्यापुरते पेट्रोल साठवायला विमानांना मालवाहू बनून कितीतरी खेपा माराव्या लागत. एवढे करून पोहोच क्यूशू बेटापर्यंतच. टोकियो टप्प्याबाहेर राहत होते. मारियाना बेटे हवी होती ती यासाठी. इथून टोकियो सुमारे २,४०० किलोमीटर, शिवाय इंधन थेट जहाजाने धक्क्यावर. १९४५ च्या पहिल्या काही महिन्यांत खरगपूरची विमानेही इकडेच हलवली गेली.

नौदलाच्या बांधकाम पथकांनी पोवळ्याचा दगड फोडला, पसरला, दाबला, वर डांबर टाकले. पहिली धावपट्टी डिसेंबर १९४४ मध्ये वापरात आली आणि मेपर्यंत चार समांतर धावपट्ट्या झाल्या. प्रत्येक सुमारे २,६०० मीटर लांब. बेटाचा आकार न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसारखा, म्हणून रस्त्यांना ब्रॉडवे, रिव्हरसाइड ड्राइव्ह अशी नावे पडली. सैन्याची संख्या पन्नास हजारांच्या घरात पोहोचली.

विमानात अकरा जण असत. बहुतेक विशी-पंचविशीतले. त्यांच्यापैकी फ्लाइट इंजिनीअरचे काम समजून घेतले की या तळावरचे रोजचे भय कळते. इंजिने चार, आणि ती तापायची. नवे इंजिन घाईने कारखान्याबाहेर काढलेले, त्याच्या सांगाड्यात मॅग्नेशियम, म्हणजे पेटले की विझणे कठीण. इंजिनाभोवतीच्या झडपा उघड्या ठेवल्या तर ते थंड राहते, पण हवेचा अडसर वाढून वेग जातो. झडपा मिटल्या तर वेग मिळतो, पण सिलिंडरचे तापमान चढते. साठ टनांचे विमान धावपट्टीवरून सुटले की इंजिनीअरचे डोळे त्या तापमापकांवर खिळलेले. धावपट्टीच्या टोकाला समुद्र. चाके सुटल्यावर विमान लगेच वर जात नसे. वेग धरायला पाण्यालगत जायचे, झडपा हळूहळू मिटायच्या आणि मग चढायचे. पुढे तेरा-चौदा तास खाली फक्त पाणी. परतीच्या वाटेवर पाण्यात उतरायची वेळ आली तर आधार शोधविमानांचा आणि वाटेत थांबलेल्या पाणबुड्यांचा. इवो जिमा बेट मार्च १९४५ मध्ये हाती आल्यावर निम्म्या वाटेवर उतरायला जागा मिळाली. तोवर तीही नव्हती.

आता मार्चच्या त्या निर्णयाकडे. शेजारच्या सायपानवरून टोकियोवर पहिला हल्ला २४ नोव्हेंबर १९४४ रोजी झाला. १११ विमाने उडाली. ठरलेल्या विमानइंजिन कारखान्यावर बॉम्ब टाकता आले फक्त २४ विमानांना. नऊ किलोमीटर उंचीवर इतका जोराचा वारा होता की बॉम्ब टाकण्याचे यंत्र त्याचा हिशेबच करू शकत नव्हते, आणि खाली बहुतेक दिवस ढग. तेव्हाचा कमांडर नेम धरून कारखाने उडवण्याच्या मताचा होता. शहरावर आगबॉम्ब टाकून पाहा, असा वरून आदेश आला तेव्हा त्याने हरकत नोंदवली. २० जानेवारी १९४५ रोजी त्याच्या जागी कर्टिस लमे आला.

नव्या कमांडरने काही आठवडे जुन्याच पद्धतीने काढले. मग हल्ला रात्री करायचा, एकेका विमानाने जायचे, उंची दीड ते पावणेतीन किलोमीटर ठेवायची, बहुतेक बंदुकांचा दारूगोळा उतरवायचा आणि त्या वजनात आगबॉम्ब भरायचे, असे त्याने ठरवले. आधीएवढ्या उंचीवर चढायचे नाही आणि थव्यात उडायचे नाही, म्हणून इंधन वाचले. तेही वजन बॉम्बना मिळाले. या बेतासाठी त्याने वॉशिंग्टनची खास मंजुरी मागितली नाही. ब्रीफिंगमध्ये उंचीचा आकडा ऐकून अनेक क्रूंना वाटले की आपण परत येत नाही.

९ मार्चच्या संध्याकाळी ग्वाम, सायपान आणि टिनियनवरून तीनशेहून अधिक विमाने निघाली. मध्यरात्रीनंतर २७९ विमानांनी टोकियोच्या दाट वस्तीवर बॉम्ब टाकले. ४१ चौरस किलोमीटर भाग जळाला. मृतांचा आकडा साधारण एक लाख धरला जातो. काही जण कमी सांगतात, काही जास्त. दहा लाख लोक बेघर झाले. शेवटच्या फळीतल्या विमानांना आगीचे लोट शेकडो मीटर वर फेकत होते, आणि विमानात जळत्या मांसाचा वास आला असे क्रूंनी नंतर सांगितले आहे. परत न आलेली विमाने १४. पुढच्या दहा दिवसांत नागोया, ओसाका, कोबे आणि पुन्हा नागोया. मग आगबॉम्बचा साठा संपला, म्हणून थांबले.

या निर्णयाची चर्चा आजही एका माणसाच्या नावावर चालते. कोणी त्याला धाडसी म्हणते, कोणी क्रूर. माझ्या मते इथे दोन निर्णय एकात मिसळले जातात. उंची कमी करणे हा तळावरचा निर्णय होता. त्याचा धोका क्रूंच्या जिवाला होता, आणि तो निर्णय पूर्णपणे कमांडरचा. शहर जाळणे हा निर्णय मात्र जुना होता आणि तो दूर अमेरिकेत शिजला होता. नेपाम १९४२ मध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार झाले. १९४३ मध्ये युटाच्या वाळवंटात जपानी घरांची हुबेहूब वसाहत बांधली गेली, आत चटया अंथरल्या गेल्या, आणि कोणता बॉम्ब ती नीट जाळतो हे मोजून पाहिले गेले. आग विझवली, घरे पुन्हा उभारली, पुन्हा जाळली. त्या चाचण्यांत सरस ठरलेलाच बॉम्ब टोकियोवर पडला. घरोघरी लहान कारखाने होते म्हणून वस्ती हे लक्ष्य, असे समर्थन दिले जाते. तसे कारखाने होते हे खरे. पण चाचणीच्या वसाहतीत यंत्रे मांडली नव्हती, घरे मांडली होती. हा तपशील मला कुठल्याही समर्थनापेक्षा जास्त बोलका वाटतो.

त्याच मार्चच्या अखेरीपासून टिनियनच्या विमानांनी जपानच्या सामुद्रधुन्यांत आणि बंदरांत पाणसुरुंग टाकायला सुरुवात केली. मोहिमेला नाव दिले होते ‘उपासमार’. ऑगस्टपर्यंत बारा हजारांवर सुरुंग टाकले गेले, सुमारे ६७० जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. या कामात गमावली फक्त १५ विमाने. शहरांच्या आगीपुढे ही मोहीम मागे पडली, याची खंत वाटते.

ऑगस्टमधल्या हिरोशिमाच्या उड्डाणाबद्दल थोडेच सांगायचे आहे. जडभार बी-२९ उड्डाणातच कोसळून पेटताना अणुबॉम्बची जबाबदारी असलेल्या नौदल अधिकाऱ्याने याच तळावर पाहिली होती. तयार बॉम्ब घेऊन असे झाले तर बेटच उरणार नाही, म्हणून स्फोटकाची शेवटची जुळणी त्याने आकाशात केली. बॉम्ब विमानाखाली सरकवण्याजोगे नव्हते. त्यासाठी जमिनीत दोन खड्डे खणले होते, विमान त्यांच्यावर ओढून आणायचे आणि बॉम्ब खालून उचलायचा. ते खड्डे आज काचेखाली जपले आहेत.

युद्ध संपल्यावर जपानी आणि कोरियन वस्ती १९४६ मध्ये मायदेशी पाठवली गेली. १९४८ मध्ये याप बेटावरचे चामोरो, म्हणजे मारियाना बेटांचे मूळ रहिवासी, इथे आणून वसवले. कमी उंचीचा बेत आखणाऱ्या त्या कमांडरला १९६४ मध्ये जपान सरकारने हवाई दलाच्या उभारणीला मदत केल्याबद्दल मोठा सन्मान दिला. टोकियोच्या आगीतून वाचलेल्यांनी २००७ मध्ये स्वतःच्याच सरकारवर भरपाईचा दावा लावला. तो २००९ मध्ये फेटाळला गेला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. माजी सैनिकांना निवृत्तिवेतन मिळाले, आगीत होरपळलेल्या नागरिकांना काही नाही.

टिनियनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग १९८३ च्या करारान्वये अमेरिकी लष्कराकडे भाडेपट्ट्याने आहे, मुदत पन्नास वर्षे आणि वाढवली तर आणखी पन्नास. बेटावर राहतात दोन हजारांच्या आसपास माणसे. इथे खऱ्या दारूगोळ्याने सराव करण्याच्या योजनेविरुद्ध स्थानिक २०१६ मध्ये न्यायालयात गेले होते. आता मोकळ्या होत असलेल्या धावपट्ट्या त्याच भाडेपट्ट्याच्या जमिनीत येतात.