कंट्रोल-झेड की व्हर्जन हिस्टरी?

गूगल डॉक्समध्ये एखादा परिच्छेद उडाला की बोटं आपोआप कंट्रोल-झेडवर जातात. तो आत्ता, याच टॅबमध्ये, तुमच्याच हातून उडाला असेल तर उत्तमच. पण काल उडाला असेल किंवा सहकाऱ्याने उडवला असेल, तर कितीही वेळा झेड दाबा, तो काही यायचा नाही. उलट आज तुम्ही लिहिलेलं मात्र एकेक करून पुसलं जाईल.

कंट्रोल-झेड म्हणजे अनडू, केलेली कृती मागे घेण्याची सोय. या अनडूला फाइलचा इतिहास माहीत नसतो. त्याला माहीत असतात फक्त तुमच्या करामती, त्याही ही फाइल उघडल्यापासूनच्या. टॅब बंद केला किंवा पान रिफ्रेश केलं की पाटी कोरी. चौघं एकाच वेळी लिहीत असले तरी तुमचं झेड तुमचेच बदल मागे घेतं, ही सोयच म्हणायची. नाहीतर सगळे दिवसभर एकमेकांची वाक्यं पुसत बसले असते.

अनडूचा एक उपयोग अनेकांच्या लक्षात येत नाही. ओळीच्या सुरुवातीला डॅश आणि स्पेस दिली की डॉक्स न विचारता बुलेटची यादी सुरू करतं. लगेच एकदा झेड दाबा. यादी जाते, डॅश राहतो. एक सापळाही आहे. दहा पावलं मागे जाऊन जुनं काय होतं ते बघितलं आणि तिथेच चुकून एक अक्षर टाइप झालं, तर कंट्रोल-वायने पुढे यायची वाट बंद होते. ‘जरा मागे जाऊन बघू’ हे काम अनडूला सांगूच नये.

ते काम व्हर्जन हिस्टरीचं. फाइल मेनूत ती सापडते, किंवा कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच दाबा, मॅकवर कमांड-ऑप्शन-शिफ्ट-एच. उजवीकडे तारीख-वेळेनुसार जुनी रूपं दिसतात आणि कोणी काय बदललं ते ज्याच्या-त्याच्या रंगात. मात्र त्यासाठी फाइलमध्ये बदल करायची परवानगी हवी. फक्त वाचायची किंवा कॉमेंट करायची असेल तर हा इतिहास दिसत नाही.

इथे प्रत्येक अक्षराची नोंद मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. जवळजवळचे बदल एकत्र गुंडाळलेले असतात आणि जुन्या नोंदी पुढे आणखी एकमेकींत मिसळू शकतात. म्हणून मोठी काटछाट करण्याआधी सध्याच्या रूपाला नाव देऊन ठेवावं, ‘संपादनाआधी’ वगैरे. एका डॉक्युमेंटमध्ये अशी ४० नावं देता येतात. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ अशा फायलींची रांग लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता व्हर्जन हिस्टरीतलं रिस्टोअरचं, म्हणजे जुनं रूप परत आणायचं बटण. लोक सर्वात जास्त गोंधळतात ते इथे, कारण ते अनडूचा थोरला भाऊ वाटतं. अनडू तुमची एक कृती मागे घेतं. रिस्टोअर सगळं डॉक्युमेंट, सगळ्यांसाठी, त्या क्षणाला नेतं. तुमचा एक परिच्छेद परत आला, पण सहकाऱ्याने त्यानंतर तासभर खपून केलेला तक्ता पडद्यावरून गेला. तो कायमचा जात नाही, रिस्टोअरच्या आधीचं रूपही इतिहासात राहतं. पण ते समजेपर्यंत ग्रुपवर आरडाओरडा होऊन गेलेला असतो. मी ते बटण क्वचितच दाबतो. जुनं रूप उघडायचं, हवा तेवढा परिच्छेद कॉपी करायचा, मागे येऊन पेस्ट करायचा. काम अर्ध्या मिनिटाचं.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. तुम्ही रागात लिहून नंतर पुसलेली ओळ संपादनाची परवानगी असलेला कोणीही तिथे वाचू शकतो. तुमच्या झेडने ती पानावरून जाते, इतिहासातून जाईलच असं नाही. म्हणून बाहेरच्या कुणाला फाइल संपादनासाठी द्यायची असेल तर आधी ‘मेक अ कॉपी’ करा आणि ती प्रत पाठवा. मूळ फाइलचा इतिहास त्या प्रतीत उतरत नाही.