सामान्य ज्ञान (सैनिकी शाळा प्रवेश परीक्षा)

सामान्य ज्ञान, सैनिकी शाळा प्रवेश परीक्षेतील : संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील निवासी शाळांत साधारणतः दहा ते तेरा वर्षे वयाच्या मुलामुलींना प्रवेश देण्यासाठी जी लेखी परीक्षा होते, तिचा एक स्वतंत्र विभाग. चालू घडामोडी हा त्याचाच भाग मानला जातो. अशा परीक्षा मुख्यतः तीन आहेत : सैनिक स्कूलांसाठीची अखिल भारतीय परीक्षा (इयत्ता सहावी व नववी), राष्ट्रीय मिलिटरी स्कूलांची सामायिक परीक्षा (सहावी व नववी) आणि डेहराडून येथील राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची परीक्षा (आठवी). नववीच्या प्रवेशात सामान्य ज्ञानाची जागा सामान्य विज्ञान व सामाजिक शास्त्र हे विषय घेतात. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत सहावी व आठवीचाच विचार केला आहे.

महाराष्ट्रात शब्दांचा एक घोळ नेहमी होतो. साताऱ्याची ती ‘सैनिक स्कूल’, तर राज्य शासनाच्या धोरणानुसार १९९५ च्या सुमारापासून जिल्ह्याजिल्ह्यांत संस्थांमार्फत निघालेल्या त्या ‘सैनिकी शाळा’. या दुसऱ्या गटाचा वर उल्लेखिलेल्या परीक्षांशी संबंध नाही. नोंदीच्या शीर्षकात मात्र ‘सैनिकी शाळा’ हा शब्द रूढ, सैल अर्थानेच घेतला आहे.

गुणांचे स्थान : सैनिक स्कूलच्या सहावीच्या परीक्षेत एकूण ३०० गुण असून त्यांपैकी १५० एकट्या गणिताचे आहेत. भाषा, बुद्धिमत्ता व सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५० (प्रत्येकी दोन गुणांचे २५ प्रश्न). वेळ अडीच तास. प्रत्येक विषयात किमान २५ टक्के व एकूण ४० टक्के गुणांची अट असते. ५० चे २५ टक्के म्हणजे साडेबारा, आणि प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे व्यवहारात सात उत्तरे बरोबर यायला हवीत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. डेहराडूनच्या परीक्षेत इंग्रजी १२५, गणित २००, सामान्य ज्ञान ७५ आणि तोंडी परीक्षा ५० अशी वाटणी आहे. दोन्हीकडे सामान्य ज्ञानाचा वाटा एकूण गुणांच्या एक षष्ठांश येतो. राष्ट्रीय मिलिटरी स्कूलच्या सहावीच्या लेखी परीक्षेत मात्र २०० पैकी ५०, म्हणजे चौथा हिस्सा, या विषयाला आहे. तिथे गणिताचाही तेवढाच वाटा असल्याने गणितात बेताचा पण वाचनाची गोडी असलेला विद्यार्थी पुढे येऊ शकतो. मार्गदर्शन वर्गांतून तिन्ही परीक्षांची तयारी एकाच पुस्तकावर करून घेतली जाते, तेव्हा हा फरक हमखास नजरेआड होतो.

परंपरा व ‘पहिली शाळा’ हा वाद : देशातील पहिली सैनिकी शाळा कोणती, हा प्रश्न सराव पुस्तकांत वारंवार येतो आणि त्याची उत्तरे वेगवेगळी छापलेली आढळतात. डेहराडूनच्या कॉलेजचे उद्घाटन १३ मार्च १९२२ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे आठवा एडवर्ड) यांच्या हस्ते झाले. सैन्याधिकारी होऊ पाहणाऱ्या भारतीय मुलांना इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयासाठी तयार करणे हा त्याचा हेतू होता. त्याच दौऱ्यात जालंधरला किंग जॉर्ज शाळेची कोनशिला बसली, पण तेथील वर्ग १९२५ मध्ये सुरू झाल्याचे सांगितले जाते. ही शाळा नौगाँगमार्गे १९६० मध्ये हिमाचल प्रदेशातील चैल येथे स्थिरावली. तिची भावंडे म्हणजे अजमेर (१९३०), बेळगाव (१९४५), बंगळूर (१९४६) आणि पुढे धौलपूर (१९६२). या शाळा प्रारंभी सैनिकांच्या मुलांसाठी होत्या, अधिकाऱ्यांच्या नव्हे. कोनशिला धरली तर चैलचा दावा डेहराडूनच्याही आधी जातो, प्रत्यक्ष अध्यापन धरले तर डेहराडून पुढे राहते. प्रस्तुत लेखकाला शाळेचा आरंभ वर्ग भरण्यापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘सैनिक स्कूल’ या नावाबाबत वाद निराळा आहे. लखनौची शाळा १५ जुलै १९६० रोजी उत्तर प्रदेश शासनाने, मुख्यमंत्री डॉ. संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने काढली. केंद्राची योजना तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची. तिच्यातील पहिली शाळा साताऱ्याची, २३ जून १९६१. तिच्या पाठोपाठ त्याच वर्षी कपूरथळा, बालाचडी, कुंजपुरा व चित्तोडगड येथे शाळा निघाल्या. साताऱ्याची शाळा सुरू झाली तेव्हा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि पुढच्याच वर्षी, चीनशी झालेल्या युद्धानंतर, मेनन यांच्या जागी तेच संरक्षणमंत्री झाले. तेव्हा नावाने पहिली लखनौ, केंद्रीय योजनेतील पहिली सातारा, असे म्हणणे योग्य ठरते. मराठी पुस्तके ‘सातारा’ एवढेच देतात. प्रश्नात ‘सैनिक स्कूल सोसायटीची’ किंवा ‘केंद्राच्या योजनेतील’ असे शब्द असले तरच ते उत्तर निःसंदिग्ध राहते. महाराष्ट्रातील दुसरी सैनिक स्कूल २०१९ मध्ये चंद्रपूरला झाली. खाजगी संस्था व राज्यांच्या भागीदारीत शंभर नव्या शाळा काढण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली.

मुलींना प्रवेश ही अलीकडची गोष्ट आहे. मिझोरममधील छिंगछिप येथे २०१८ मध्ये प्रयोग झाला, २०२१-२२ पासून सर्व सैनिक स्कूलांत व २०२२ पासून डेहराडूनलाही मुली आल्या. त्याआधीच्या पुस्तकांत ‘फक्त मुलांसाठी’ हे वाक्य अजून तसेच सापडते.

व्याप्ती : अधिकृत माहितीपत्रकातील विषयांची यादी लांबलचक आणि काहीशी विस्कळीत आहे. मानवी शरीर, वनस्पती व प्राण्यांचे परस्परावलंबन, पदार्थाच्या अवस्था, पृथ्वीचे परिवलन व परिभ्रमण, गुरुत्वाकर्षण, घर्षण हे विज्ञानाचे घटक. धर्म, भाषा, नृत्यप्रकार, वाद्ये, पुराणकथा, स्वातंत्र्यलढा हे समाजाचे. आणि त्यांच्या शेजारीच महिन्यांची नावे, वाहतुकीचे दिवे, प्रसिद्ध कंपन्यांची बोधचिन्हे, लघुरूपे, सर्वांत उंच-लांब-मोठे अशा याद्या. यांपैकी बराचसा भाग परिसर अभ्यासाच्या शालेय पुस्तकांत येऊन जातो, म्हणून त्याचा विस्तार येथे केला नाही. शाळेत न शिकवला जाणारा, आणि या परीक्षांना त्यांचा खास रंग देणारा भाग म्हणजे सेनादलांविषयीची माहिती.

हुद्दे : तिन्ही दलांतील समकक्ष हुद्दे ओळखणे हा ठरलेला प्रश्न. लेफ्टनंट, सब-लेफ्टनंट, फ्लाइंग ऑफिसर ही (भूदल, नौदल, हवाई दल या क्रमाने) आजची पहिली पायरी. जनरल, ॲडमिरल, एअर चीफ मार्शल ही दलप्रमुखांची. मुले चुकतात ती मधल्या पायऱ्यांवर. भूदलाचा कॅप्टन हा तळापासून दुसरा हुद्दा असून नौदलात त्याच्या बरोबरीचा लेफ्टनंट व हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट येतो. नौदलाचा कॅप्टन मात्र भूदलाच्या कर्नलच्या व हवाई दलाच्या ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा आहे. एकच शब्द, पण मध्ये मेजर व लेफ्टनंट कर्नल या दोन पायऱ्यांचे अंतर. दुसरी अडचण : मेजर हा लेफ्टनंटहून वरिष्ठ, मग मेजर जनरल हा लेफ्टनंट जनरलहून कनिष्ठ कसा? सतराव्या शतकातील इंग्रजी सैन्यात मेजर जनरल या पदाचे नाव ‘सार्जंट मेजर जनरल’ असे होते आणि त्यातला ‘सार्जंट’ पुढे गळाला, असा उलगडा सर्वमान्य आहे. तो दोन मिनिटांत सांगून होतो आणि मुलाला ही उतरंड पुन्हा पाठ करावी लागत नाही.

हुद्द्यांच्या यादीत न बसणारी नावे म्हणजे फील्ड मार्शल सॅम माणेकशा (१९७३) व के. एम. करिअप्पा (१९८६) आणि हवाई दलाचे मार्शल अर्जन सिंग (२००२). करिअप्पांनी १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल रॉय बुचर यांच्याकडून सूत्रे घेतली, म्हणून तो लष्कर दिन. नौदल दिन ४ डिसेंबरचा, १९७१ मधील कराची बंदरावरील हल्ल्याच्या स्मरणार्थ. हवाई दल दिन ८ ऑक्टोबरचा, १९३२ मधील स्थापनेचा. नौदलाचे ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद उपनिषदातून आणि हवाई दलाचे ‘नभः स्पृशं दीप्तम्’ हे भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातून घेतले आहे.

शौर्यपदके : अग्रक्रम परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य असा आहे. युद्धकालीन व शांतताकालीन पदके यात एकाआड एक येतात, हे लक्षात आले की क्रम विसरत नाही. परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. म्हणूनच नोव्हेंबर १९४७ मध्ये बडगाम येथे धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा पहिले मानकरी ठरले. आजवर २१ जणांना ते मिळाले असून हवाई दलातील एकमेव मानकरी निर्मलजित सिंग सेखों (१९७१) आहेत. मानकऱ्यांपैकी कारवारकडचे रामा राघोबा राणे यांनी १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना मार्ग करून दिला. त्यांचा तेव्हाचा सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आज वापरात नाही, त्यामुळे हुद्द्यांच्या नव्या तक्त्यात तो शोधणारा विद्यार्थी गोंधळतो.

परमवीरचक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले होते आणि भारतीय पुराणकथांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. पदक कांस्याचे, मध्ये राजचिन्ह आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे, ही कथा त्यामागे आहे. वज्राच्या दोन्ही बाजूंस शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे, असेही लिहिलेले आढळते. पदकाच्या अधिकृत वर्णनात वज्र व राजचिन्ह एवढेच असल्याने परीक्षेत तेच प्रमाण मानावे.

चालू घडामोडी : किती काळ मागे जायचे, याची सीमा अधिकृतपणे आखून दिलेली नसते, शिक्षक सहसा मागील वर्षभर धरतात. खरी अडचण नव्या बातमीपेक्षा जुन्या उत्तराची आहे. ३० ऑक्टोबर २०१९ पर्यंत राज्ये २९ व केंद्रशासित प्रदेश ७ होते. त्यानंतर जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेने ते २८ व ९ झाले, आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एकत्र आल्यावर, २६ जानेवारी २०२० पासून, २८ व ८. तीन महिन्यांत एकाच प्रश्नाची तीन उत्तरे. अभिजात भाषा किती, याचे उत्तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सहाचे अकरा झाले. त्या दिवशी मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी व बंगाली यांना हा दर्जा मिळाला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचे अहिल्यानगर आणि पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम हे बदलही याच वर्गातले. म्हणून प्रत्येक उत्तराशेजारी वहीत तारीख लिहिण्याची सवय ही पाठांतरापेक्षा मोलाची आहे. दहा वर्षांच्या मुलाला ती लावता येते.

महाराष्ट्राशी निगडित घडामोडींत नौदलाचे नवे निशाण (२ सप्टेंबर २०२२) महत्त्वाचे. कोचीला विक्रांत ही विमानवाहू नौका दाखल झाली त्याच समारंभात त्याचे अनावरण झाले आणि त्यावरील अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेले मराठ्यांचे बारा किल्ले हा दुसरा हमखास विषय. त्यांतील अकरा महाराष्ट्रात व जिंजी तमिळनाडूत आहे, आणि प्रश्न बहुधा जिंजीवरच बेतलेला असतो. सैनिक स्कूलांसंबंधी बातमी म्हणून २०२४ मध्ये ॲडमिरल दिनेश त्रिपाठी व जनरल उपेंद्र द्विवेदी हे रीवा सैनिक स्कूलचे दोन वर्गमित्र दोन महिन्यांच्या अंतराने दलप्रमुख झाले, ही नोंदवण्याजोगी आहे.

मराठी माध्यमातील विद्यार्थी : शालेय शिष्यवृत्ती व नवोदय या महाराष्ट्रात रुळलेल्या परीक्षांत गणित, भाषा व बुद्धिमत्ता आहेत, सामान्य ज्ञानाचा विभाग नाही. त्यामुळे या दोन्हींची पक्की तयारी झालेले मूलही सैनिक स्कूलच्या या २५ प्रश्नांपुढे नवखे असते. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल व डेहराडूनच्या परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून द्याव्या लागतात. डेहराडूनची परीक्षा राज्यात पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत होते. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा मात्र तेरा भाषांत असून तीत मराठी आहे. नॅशनल टेस्टिंग एजन्सीने २०२१ पासून ती हाती घेतली. भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. त्यामुळे ‘परिवलन’ म्हणजे रोटेशन आणि ‘परिभ्रमण’ म्हणजे रिव्होल्यूशन, अशा जोड्या मराठी विद्यार्थ्याला दोन्ही नावांनी ठाऊक असाव्या लागतात. हिंदी पुस्तकांत परिवलनाला ‘घूर्णन’ आणि परिभ्रमणाला ‘परिक्रमण’ म्हणतात, आणि हिंदी सराव संचावर अभ्यास केलेली मुले नेमकी याच जागी अडतात.