एका घोळक्याच्या किती चिठ्ठ्या?

फॅन क्लबच्या तिकीट-सोडतीत नंबर लागला नाही की लोक संगणकावर संशय घेतात. माझ्या मते खरी गफलत बहुतेक वेळा त्याआधीच, चिठ्ठ्या डब्यात पडताना झालेली असते.

समजा, प्रत्येक अर्ज लागण्याची शक्यता १० टक्के आहे आणि एका अर्जावर चार तिकिटं मिळतात. एकटी जाणारी मुलगी एकच अर्ज भरते. चार मैत्रिणी मात्र चौघींच्या नावे चार अर्ज भरतात. चारही अर्ज वाया जाण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.६५६१. त्यामुळे निदान एक तरी अर्ज लागण्याची शक्यता ३४ टक्क्यांवर जाते, आणि एक लागला की चौघीही आत! दोन किंवा जास्त अर्ज लागण्याची शक्यताही ५ टक्क्यांहून थोडी अधिकच. तेव्हा उरलेली तिकिटं काळ्या बाजाराची वाट धरतात. नियम कुणीच मोडला नाही, तरी एकटीवर अन्याय झालाच.

यावर उपाय आहे. अर्जातच सोबत्यांचे सदस्य क्रमांक घ्यावेत, एक क्रमांक एकाच अर्जात चालावा आणि अख्ख्या गटाची एकच चिठ्ठी धरावी. दारावर सोबत्यांचीही ओळखपत्रं पाहिली नाहीत, तर खोटी नावं घुसतात. शेवटी तीनच जागा उरल्या आणि चौघांची चिठ्ठी निघाली, तर ती वगळावी लागते. त्यामुळे मोठ्या गटाची शक्यता किंचित घटते, पण हजारो जागांमध्ये हा फरक नगण्य.

सोडतीसाठी संगणक नावांची यादी पिसतो, त्यातही चूक होऊ शकते. तीन नावं घ्या. प्रत्येक जागेवरचं नाव तिन्हींपैकी कुठल्याही जागेशी बदलत गेलं, तर २७ वाटा होतात. क्रम मात्र ६ च. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून काही क्रम जास्त वेळा येणारच. फिशर-येट्स पद्धतीत आधी तिघांतून एक, मग उरलेल्या दोघांतून एक निवडतात; ३ × २ = ६, सगळे क्रम समान.

एवढं करूनही, १० टक्के शक्यतेच्या दहा सोडतींनंतर शंभरातल्या सुमारे ३५ जणांच्या हाती एकही तिकीट नसतं. अशांना प्रत्येक अपयशामागे एक जादा चिठ्ठी द्यावी, हे मला पटतं. मात्र लागलेलं तिकीट न घेणाऱ्याच्या जादा चिठ्ठ्या शून्यावर आणाव्यात, नाहीतर लोक नको असलेल्या कार्यक्रमांनाही चिठ्ठ्या साठवण्यासाठी अर्ज भरतात.