ट्युनिशियाच्या राज्यघटना आणि न झालेले न्यायालय

ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी २५ जुलै २०२१ रोजी पंतप्रधानांना बडतर्फ करून संसद स्थगित केली, तेव्हा त्यांनी २०१४च्या राज्यघटनेतील कलम ८०चा आधार घेतला. देशावर संकट असताना अध्यक्षांना जादा अधिकार देणाऱ्या या कलमातच, त्या काळात संसदेचे कामकाज अखंड चालू राहील, अशी अटही होती. अट मोडली गेली का, हे ठरवायचे घटना न्यायालयाने. पण ते न्यायालय सात वर्षांत स्थापनच झाले नव्हते. सईद स्वतः घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, त्यामुळे ही उणीव त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

या देशाला राज्यघटना नवी नाही. १८५७ मध्ये एका ज्यू गाडीवानाला धर्मनिंदेच्या आरोपाखाली देहदंड दिला गेला, त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटनने दडपण आणले आणि मुहम्मद बे (‘बे’ म्हणजे ट्युनिशियाचा राज्यकर्ता) याने सर्व प्रजेला जीविताची व मालमत्तेची हमी देणारा जाहीरनामा काढला. त्यातूनच पुढे सादिक बेच्या काळात, १८६१ मध्ये, अरब जगातील पहिली लिखित राज्यघटना आली. तिने साठ सदस्यांचे महामंडळ नेमले आणि बेने कायदा मोडल्यास तो या मंडळाला जबाबदार राहील, असे लिहिले. सदस्य मात्र नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते. ग्रामीण जनतेला या सुधारणेतून मिळाली ती परकी वाटणारी न्यायालये आणि वाढता कर. मजबा नावाची डोईपट्टी १८६४ मध्ये ३६ रियालांवरून ७२ करण्यात आली, तेव्हा अली बिन गधाहम याच्या नेतृत्वाखाली टोळ्यांनी बंड केले. विशेष म्हणजे, कर रद्द करण्याबरोबरच नवी न्यायालये बंद करा, अशीही बंडखोरांची मागणी होती. घटना त्याच वर्षी गुंडाळली गेली, कर्जबाजारी राज्यावर १८८१ मध्ये फ्रान्सचे संरक्षित राज्य लादले गेले, आणि १९२० पासून राष्ट्रीय चळवळीने घटनेची मागणीच आपल्या पक्षाच्या नावात घेतली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये आलेल्या घटनेने राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांच्या हाती प्रचंड सत्ता दिली. १९७५ मध्ये ते तहहयात अध्यक्ष झाले. १९८७ मध्ये त्यांना दूर करणाऱ्या झैन अल-आबिदीन बिन अली यांनी आधी कार्यकालाची मर्यादा आणली आणि २००२ मध्ये सार्वमत घेऊन ती काढूनही टाकली. डिसेंबर २०१० मध्ये सिदी बूझीद येथे मुहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतल्यानंतर पसरलेल्या उठावापुढे १४ जानेवारी २०११ रोजी बिन अली देश सोडून पळाले.

त्यानंतरची २१७ सदस्यांची संविधान सभा हे आधुनिक अरब इतिहासातील दुर्मीळ दृश्य होते. स्त्रिया पुरुषांना ‘पूरक’ आहेत, असे मसुद्यातील वाक्य १३ ऑगस्ट २०१२ रोजी रस्त्यावर उतरलेल्या महिलांच्या दबावाने मागे घ्यावे लागले. २०१३ मध्ये शुक्री बलईद आणि मुहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांच्या हत्यांनंतर प्रक्रिया मोडण्याच्या बेतात असताना कामगार महासंघ, उद्योजक संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकील संघटना यांनी मध्यस्थी केली. अखेर २६ जानेवारी २०१४ रोजी घटना २०० विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाली.

घटना न्यायालयाचे बारा सदस्य संसद, न्यायमंडळ आणि अध्यक्ष यांनी प्रत्येकी चार नेमायचे होते. संसदेला हवे होते दोन-तृतीयांश मताधिक्य, आणि पक्षांना आपापली माणसे आत हवी होती. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या मतदानांतून फक्त एक सदस्य निवडून आला. माझ्या मते ही चूक अध्यक्षांपेक्षा पक्षांच्या पदरी अधिक पडते.

२५ जुलै २०२२च्या सार्वमताने, सुमारे तीस टक्के मतदानावर, सईद यांची नवी घटना संमत झाली. तिने घटना न्यायालय नऊ सदस्यांचे केले. सदस्य ज्येष्ठतेनुसार न्यायाधीशांतूनच आणि अध्यक्षांच्या आदेशाने नेमायचे. २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत तेही अस्तित्वात आले नव्हते. त्या निवडणुकीत बाद झालेल्या तीन उमेदवारांना परत घेण्याचा आदेश प्रशासकीय न्यायालयाने दिला, निवडणूक आयोगाने तो मानला नाही, आणि मतदानाला नऊ दिवस उरले असताना संसदेने निवडणूकविषयक वाद ऐकण्याचा त्या न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला.