सातोरु इवाता

इवाता, सातोरु : (६ डिसेंबर १९५९ – ११ जुलै २०१५). जपानी प्रोग्रॅमर आणि क्योटो येथील निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीचे चौथे अध्यक्ष. स्वतः गेम लिहिणारा माणूस एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखपदी पोहोचल्याची उदाहरणे या उद्योगात थोडीच आहेत. अध्यक्ष झाल्यावरही त्यांची विचार करण्याची रीत प्रोग्रॅमरचीच राहिली. काम नेमके कुठे अडले आहे ते आधी शोधायचे आणि मगच उपायाला हात घालायचा, ही ती रीत. त्यांच्या कारकिर्दीतले बरेचसे निर्णय तिच्यातून उलगडतात.

त्यांचा जन्म होक्काइदो बेटावरील साप्पोरो येथे झाला. वडील पुढे मुरोरान शहराचे महापौर झाले. शाळेत असतानाच इवातांच्या हाती एचपी-६५ हा प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर आला. आकडे दाखवण्यापलीकडे फारसे काही न करणाऱ्या त्या यंत्रावर त्यांनी खेळ रचले आणि ते वर्गमित्राला खेळायला दिले. तोक्यो तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्र शिकत असताना इकेबुकुरो भागातील एका मोठ्या दुकानाच्या संगणक विभागात त्यांची ऊठबस असे. तिथे जमणाऱ्या मंडळींमधूनच १९८० मध्ये ‘हाल लॅबोरेटरी’ ही छोटी कंपनी उभी राहिली. इवाता आधी तिथे अर्धवेळ काम करत होते आणि १९८२ मध्ये पदवी मिळताच पूर्णवेळ रुजू झाले. मुलाने अशी नोकरी पत्करलेली वडिलांना रुचली नाही. त्यांनी सहा महिने अबोला धरला.

१९८३ मध्ये निन्टेंडोचे फॅमिकॉम हे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र बाजारात आले आणि हालला निन्टेंडोचे काम मिळू लागले. ‘गोल्फ’ या गेमसाठी पूर्ण अठरा होलचे मैदान त्या यंत्राच्या तुटपुंज्या मेमरीत मावणार नाही, असे सांगून इतरांनी अंग काढून घेतले होते. इवातांनी माहिती आक्रसून साठवण्याची युक्ती स्वतः लिहिली आणि गेम पूर्ण केला. फुग्यांना लटकून हवेत तरंगणाऱ्या माणसांचा ‘बलून फाइट’ हाही त्यांच्याच हातचा. त्यातील तरंगण्याची सफाई ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील पाण्याखालच्या पोहण्याला उपयोगी पडली. १९९० च्या दशकात भारतात फॅमिकॉमच्या नकली संचांबरोबर मिळणाऱ्या कॅसेटमध्ये ‘बलून फाइट’ हमखास असे. त्यामुळे इवातांचे नाव कधीही न ऐकलेल्या मराठी घरांतल्या मुलांनीही त्यांचे काम तासन्‌तास खेळलेले आहे.

१९९२ मध्ये हाल दिवाळखोरीच्या तोंडाशी आली. डोक्यावर सुमारे १५० कोटी येनचे कर्ज होते. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले, पण इवातांना प्रमुख नेमले तरच, या अटीवर. १९९३ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते हालचे अध्यक्ष झाले. व्यवस्थापनाचा अनुभव नव्हता. त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला एकट्याने भेटून बोलायला सुरुवात केली आणि या भेटी नंतरही नेमाने चालू ठेवल्या. सुमारे सहा वर्षांत कर्ज फिटले. त्यांच्या व्यवस्थापनाचा खरा पाया या बैठका आहेत; निन्टेंडोतील पुढच्या गाजलेल्या यशापेक्षाही हा काळ अधिक अभ्यासण्याजोगा आहे.

या काळातही त्यांनी कोड लिहिणे सोडले नाही. जपानी जाहिरातलेखक शिगेसातो इतोई यांचा ‘मदर २’ हा गेम चार वर्षे रखडला होता. आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे लागतील आणि मुळापासून लिहिला तर अर्धे वर्ष पुरेल, असे इवातांनी सांगितले. कोणता मार्ग घ्यायचा ते मात्र त्यांनी मूळ चमूवर सोपवले. नवा मार्ग निवडला गेला आणि १९९४ मध्ये गेम प्रसिद्ध झाला. पोकेमॉन मालिकेच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या भागांसाठी चित्रांचा आकार लहान करणारी साधनेही त्यांनी पुरवली.

२००० मध्ये ते निन्टेंडोत नियोजन विभागाचे प्रमुख म्हणून आले. मे २००२ मध्ये यामाउचींनी त्यांच्याकडे अध्यक्षपद सोपवले. १८८९ मध्ये हानाफुदा पत्ते बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीला यामाउची घराण्याबाहेरचा अध्यक्ष प्रथमच लाभला. प्रतिस्पर्धी अधिकाधिक ताकदवान यंत्रांच्या मागे होते. इवातांना चिंता होती ती वेगळी : जपानमध्ये गेम खेळणारेच कमी होत चालले होते. म्हणून न खेळणाऱ्यांना खेळते करणे हे त्यांनी कंपनीचे उद्दिष्ट ठरवले. २००४ चे दोन पडद्यांचे डीएस आणि हात हलवून खेळायचे २००६ चे वी ही यंत्रे त्यातून आली. डीएससाठी निघालेले मेंदूच्या व्यायामाचे गेम वयस्कर मंडळींनीही उचलून धरले. डीएसचे १५ कोटींहून अधिक आणि वीचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे गेम विकसकांसमोर बोलताना त्यांनी स्वतःची ओळख अशी करून दिली : कार्डावर मी अध्यक्ष आहे, डोक्याने विकसक आहे आणि मनाने खेळाडू.

उतारही आला. २०११ मध्ये डीएसनंतरचे थ्रीडीएस हे यंत्र २५,००० येनला बाजारात उतरले, पण खप मंदावल्याने काही महिन्यांतच किंमत १५,००० येनवर आणावी लागली. इवातांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. २०१२ चे वी यू तर सपशेल पडले. जेमतेम १ कोटी ३५ लाख नग खपले. ते नवे यंत्र आहे की वीचा जोडभाग, हेच अनेक ग्राहकांना उमगले नाही आणि ही चूक नेतृत्वाचीच म्हणायला हवी. २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा काही महिने निम्मे वेतन घेतले. नोकरकपातीची सूचना त्यांनी २०१३ मध्ये भागधारकांसमोर नाकारली होती : कपातीने ताळेबंद तात्पुरता सुधारेल, पण नोकरीची धास्ती घेतलेल्या माणसांकडून जगाला आवडेल असा गेम होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हाल वाचवताना जे कळले होते तेच ते इथे बोलत होते.

२०१४ मध्ये पित्तनलिकेतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. मार्च २०१५ मध्ये त्यांनी डीएनए या कंपनीशी मोबाइल गेमसाठी करार जाहीर केला. त्याच वेळी ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाच्या नव्या यंत्राची घोषणाही केली. जुलैमध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी क्योटोत त्यांचे निधन झाले. तात्सुमी किमिशिमा हे त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले. एनएक्स मार्च २०१७ मध्ये ‘स्विच’ या नावाने विक्रीस आले आणि खपात ते वीच्याही पुढे गेले.